डोंबिवलीचा अंकहार

घाटकोपर किंवा मुलुंडच्या फलाटावर संध्याकाळी उभे राहिले की कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांच्या घोषणेत एक नाव हमखास कानी पडते: डोंबिवली. दुकान वाढवून घरी परतणाऱ्या व्यापाऱ्याला या नावाचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. गर्दीमुळे ज्यांची धास्ती घ्यावी अशा स्थानकांपैकी ते एक, एवढीच त्याची ख्याती. परंतु जगभरच्या अंकगणितप्रेमींना हे स्थानक दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात, मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्थानकाचे नाव ‘डेम्लो’ असे घेतले जाई. आणि त्या नावावरून संख्यांच्या एका संपूर्ण कुळाला ‘डेम्लो संख्या’ असे नाव पडले आहे. हे नाव ठेवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेतील शिक्षक होते. या संख्यांचा विचार त्यांच्या मनात प्रथम आला तो याच स्थानकात.

त्या कुळातील एक संख्या जैन वाचकाने विशेष जवळून पाहावी अशी आहे. ती अशी: १२३४५६५४३२१. व्यापाऱ्याच्या जिभेने वाचायची तर एक हजार दोनशे चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. एकापासून चढत सहापर्यंत जाणारी आणि तितक्याच शिस्तीने एकापर्यंत उतरणारी. उजवीकडून वाचा की डावीकडून, फरक पडत नाही. गळ्यातल्या हारात मधोमध मोठा मणी असावा आणि दोन्ही बाजूंनी मणी लहान लहान होत जावेत, तशी तिची घडण आहे. ही हाराची उपमा मात्र आजची नव्हे. कापरेकरांच्याही सुमारे अकराशे वर्षे आधी एका जैन आचार्याने अशा संख्यांना हार म्हटले आणि नेमकी हीच संख्या आपल्या ग्रंथात गुंफून ठेवली.

आधी संख्येची घडण पाहू. सहा एके लिहावीत: १११११११ नव्हे, मोजून सहा, १११११‍१. या संख्येला तिनेच गुणावे. शाळेत शिकवलेल्या रीतीने गुणाकार मांडला तर सहा ओळी येतात, आणि प्रत्येक ओळीत सहा एके असतात. मात्र प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. बेरीज करायला बसले की एककाच्या घरात एकच ‘१’ सापडतो, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. मध्यावर सहा ओळींची सहा एके एकाखाली एक येतात, आणि तेथून पुढे ओळी एकेक करून संपत गेल्यामुळे पाच, चार, तीन, दोन, एक. उत्तर आपोआप १२३४५६५४३२१. पाठशाळेतल्या मुलाला कागद-पेन्सिल दिली तर पाच मिनिटांत त्याला हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, आणि एकदा दिसले की ते विसरत नाही.

यात गुपित आहे ते ‘हातचा’ न येण्याचे. कोणत्याही घरातील बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून प्रत्येक घर आपला हिशेब आपल्यापुरता ठेवते. शेजाऱ्याकडे काही सरकवत नाही. सात एकांचा वर्ग घ्या, आठांचा घ्या, नऊ एकांचा घ्या. हार लांबत जातो आणि मधला मणी सात, आठ, नऊ होतो. नऊ एकांच्या वर्गाचे उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ असे देखणे येते. दहाव्या एकाला मात्र मधल्या घरात दहा जमतात, हातचा निघतो आणि हाराची वीण उसवते: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली. एका घरात एकच वाढला आणि सगळी रचना बिघडली, हे पाहून उधारीचा अनुभव असलेल्या वाचकाच्या ओठांवर थोडे हसू आले तर नवल नाही.

ज्या आचार्यांचा उल्लेख वर आला ते महावीराचार्य. नामसाम्यामुळे गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट सांगणे बरे: हे भगवान महावीर नव्हेत. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात होऊन गेलेले हे दिगंबर परंपरेतील गणिती. आजच्या महाराष्ट्राचा फार मोठा प्रदेश तेव्हा राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता, आणि त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. आदिपुराणकार जिनसेन हे अमोघवर्षाचे गुरू मानले जातात. अशा राजाच्या काळात, सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. तत्पूर्वीचे नामांकित ग्रंथ बहुतेक ज्योतिषाच्या पोटात वाढलेले. ग्रहांची गती मोजता मोजता गणिताचा एखादा अध्याय. महावीराचार्यांनी गणितालाच स्वतंत्र आसन दिले. ग्रंथारंभी जिनेंद्राला वंदन करताना ते संख्याज्ञानाच्या दीपाची उपमा योजतात, आणि पुढे संगीत, नाट्य, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या अशी एकेक विद्या मोजून दाखवतात की हिच्यातही गणित आहे आणि तिच्यातही.

ग्रंथ वाचताना असे वाटते की त्यांच्यासमोर बसलेला विद्यार्थी व्यापाऱ्याच्या घरचा असावा. व्याज, मुद्दल आणि मुदत. भागीदारीतल्या नफ्याची वाटणी. वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र वितळवले तर मिश्रणाचा कस किती. त्रैराशिकाचे नाना प्रकार. एक उदाहरण तर आजच्या पेढीवर बसूनही सोडवावे असे आहे. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशाची थैली दिसते. पहिला म्हणतो, ही मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या मिळून धनाच्या दुप्पट माझ्याकडे होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तिप्पट. तिसरा म्हणतो, मला मिळाली तर पाचपट. कोणाकडे किती, आणि थैलीत किती? सर्वांत लहान पूर्णांकी उत्तर असे की व्यापाऱ्यांकडे अनुक्रमे १, ३ आणि ५, आणि थैलीत १५. ताळा करून पाहावा: १ आणि १५ मिळून १६, ते ३ आणि ५ यांच्या बेरजेच्या दुप्पट. उरलेले दोन ताळे वाचकांनी करावेत. सापडलेल्या थैलीवर तिघांपैकी एकाचाही हक्क नव्हता, हा मुद्दा गणिताचा नव्हे; पण पेढीवरच्या वडीलधाऱ्यांनी तो काढल्याशिवाय राहायचे नाही.

अशा व्यवहारी ग्रंथात, प्राथमिक क्रियांच्या उदाहरणांत, आचार्य मध्येच हार ओवू लागतात. १२३४५६७९ ला ९ ने गुणा, नऊ एके येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणा, आठ एके येतात. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१, म्हणजे दोन टोकांना दोन मणी आणि मध्ये नुसता दोरा. अशा संख्यांना त्यांनी कंठाभरणाची, राजाच्या गळ्यात शोभाव्या अशा हाराची उपमा दिली. याच उदाहरणांत, एकाने सुरू होऊन सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, अशा वर्णनाने आपली संख्या येते. अंक मांडून न दाखवता तिचे रूप शब्दांत सांगितले, आणि ते इतके नेमके की चूक होण्याची सोय नाही. तिच्यासोबतची संख्या आहे ४४१. भागाकार करून पाहा: १२३४५६५४३२१ ला ४४१ ने भागले की २७९९४६८१, बाकी शून्य.

महावीराचार्यांच्या हातून सगळेच अचूक झाले असे मात्र नाही. एखाद्या संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते, असे त्यांनी लिहिले. ते आज कोणी मान्य करणार नाही. उलट, ऋण संख्या ही कोणाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी त्या काळी स्पष्ट सांगितले. काही वस्तूंतून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतात याचा सर्वसामान्य नियमही त्यांच्या ग्रंथात आहे. आपल्या परंपरेतील म्हणून चूक झाकायची नाही आणि जुने म्हणून यश कमी लेखायचे नाही, हीच त्यांच्या ग्रंथाला साजेशी वाचनाची रीत होय.

हा ग्रंथ अनेक शतके हस्तलिखितांत राहिला. एम. रंगाचार्य यांनी तो संपादून इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याची नीट ओळख झाली. हिंदी भाषांतर यायला १९६३ साल उजाडले. ते लक्ष्मीचंद्र जैन यांनी केले, आणि छापले आपल्या सोलापूरने: जीवराज जैन ग्रंथमालेत. ज्या ग्रंथात व्याज आणि भागीदारी शिकवली आहे तो व्यापारी समाजाच्या दानातून उभ्या राहिलेल्या ग्रंथमालेत निघावा, हे ऋण योग्य घरी फिटले असे म्हणावे लागेल.

कापरेकरांच्या वाट्याला अशी ग्रंथमाला आली नाही. त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, आणि त्यामुळे घरात आकडेमोड सतत चाललेली. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यानंतर नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक म्हणून लागले ते १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील जागा नाही, मार्गदर्शक नाही. होते ते आकडे, आणि शाळा सुटल्यावरचा वेळ.

डेम्लो संख्येची त्यांची व्याख्या साधी आहे. संख्येचे तीन भाग करावेत. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा यावा, आणि मधल्या भागातही तोच अंक असावा. आपल्या संख्येवर हे लावून पाहू: डावा भाग १२३४५, उजवा ५४३२१, बेरीज ६६६६६. मध्ये उरला तो ६. एकांच्या वर्गातून निघणाऱ्या अशा हारांना कापरेकरांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले आणि १९३८ मध्ये त्यांवर टिपण प्रसिद्ध केले. मान्यखेटच्या काळात राजाच्या गळ्यात शोभणारा हार अशा रीतीने लोकलच्या मार्गावरील एका स्थानकाच्या नावाने पुन्हा ओळखला जाऊ लागला.

अनेक भारतीय गणितज्ञांना हे सारे पोरखेळ वाटे. अंकांची उलटापालट म्हणजे गणित नव्हे. पद्धत बदलून दहाऐवजी आठांच्या पटीत संख्या लिहिल्या तर यातले पुष्कळसे चमत्कार बदलतील किंवा नाहीसे होतील, हा आक्षेप निव्वळ हेव्याचा नव्हता. तो खराही आहे. कापरेकरांचे लेखन बरेचसे लहान नियतकालिकांत आले, आणि कित्येक पुस्तिका त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केल्या. त्यांच्यावर प्रकाशक म्हणून पत्ता असे तो देवळालीचा, त्यांचा स्वतःचा. शिक्षकाच्या पगारात छपाईचा खर्च म्हणजे काय, हे हिशेब ठेवणाऱ्या वाचकांना सांगायला नको. त्यातून परतावा काही नव्हता. निवृत्तीनंतर, १९६६ मध्ये पत्नीच्या निधनाच्या पुढच्या काळात, निवृत्तिवेतन पुरेना म्हणून त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या.

तरीही ज्या आकड्याने त्यांचे नाव जगभर गेले तो याच ‘पोरखेळा’तला आहे, आणि त्याची नाळ पेढीवरच्या एका जुन्या युक्तीशी जुळलेली आहे. पार्टीच्या खात्याशी आपले खाते जुळवताना फरक निघाला, तर जुने मुनीम आधी त्या फरकाला नऊने भाग जातो का ते पाहत. भाग गेला की अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. ५४८३ रुपयांऐवजी ५८४३ लिहिले गेले, तर फरक ३६०. नऊ चाळे तीनशे साठ. कारण सोपे आहे. दशकाच्या घरातला आठ शतकाच्या घरात गेला की त्याची किंमत दहापट होते, म्हणजे नऊपटींनी वाढते. आणि शतकातला चार दशकात आला की तितक्याच हिशेबाने घटते. अंक कसेही फिरवा, फरक नऊच्या पटीतच राहतो. आज टॅलीवर बोट चुकले तरी हा नियम चुकत नाही. गंमत अशी की बेरीज-गुणाकाराचा ‘नऊचा ताळा’ मात्र ही चूक पकडू शकत नाही, कारण अंक तेच असल्यामुळे त्यांची बेरीज बदलत नाही. एकाच नऊचे हे दोन स्वभाव आहेत: एका ठिकाणी तो चूक दाखवतो, दुसऱ्या ठिकाणी झाकतो.

कापरेकरांनी हीच अदलाबदल मुद्दाम केली. चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच. त्यांच्या जन्मवर्षापासून सुरुवात करू:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चे अंक पुन्हा मांडा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. संख्या घरी पोहोचली. आता ती हलणार नाही. कोणत्याही चार अंकी संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हेच घर येते. कापरेकरांच्या जन्मवर्षाला बरोबर ती कमाल म्हणजे सात पायऱ्या लागतात. त्यांचे निधन १९८६ चे. त्या वर्षापासून निघाले तर ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२, आणि तेथून पुढची वाट वर दिलेलीच. सहा पायऱ्या.

हे घडते कसे याचा अर्धा उलगडा त्या मुनिमाच्या नऊमध्येच आहे. चार अंकांपैकी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील फरकाला ९९९ ने गुणा, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणा, आणि दोन्हींची बेरीज करा. वजाबाकीचे उत्तर नेहमी तेवढेच येते. म्हणजे अंक कोणते हे महत्त्वाचे राहत नाही, दोन फरक तेवढे उरतात. शून्याने सुरू होणाऱ्याही धरल्या तर सुरुवातीला ९९९० संख्या असतात. पण त्या दोन फरकांच्या जोड्या निघतात फक्त ५४. नऊ हजारांवर संख्या पहिल्याच वजाबाकीत चोपन्न दारांतून आत येतात. पुढे एकेक दार तपासले की सगळ्या वाटा ६१७४ कडे वळतात. ६१७४ साठी पहिला फरक ६, दुसरा २: ५९९४ अधिक १८०. जमा-नावे जुळले.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले, आणि देवळालीच्या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. आज गणिताच्या पुस्तकांत ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

त्यांनी संख्यांना दिलेली संस्कृत नावेही लोभस आहेत. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती ‘हर्षद’, आनंद देणारी. जैन घरांत रोज उच्चारल्या जाणाऱ्या कितीतरी संख्या या कसोटीला उतरतात. चोवीस तीर्थंकर: दोन आणि चार सहा, सहा चोक चोवीस. त्रेसष्ट शलाकापुरुष: अंकांची बेरीज नऊ, नऊ साती त्रेसष्ट. जपमाळेचे १०८ मणी: बेरीज नऊ, नऊ बारे एकशे आठ. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनी: बेरीज बारा, तीही भागते. ६१७४ देखील हर्षदच: बेरीज अठरा, आणि अठरा गुणिले ३४३. पण लगेच त्यात शुभसंकेत शोधू नयेत. नवकार मंत्राची चूलिकेसह ६८ अक्षरे मोजतात. सहा आणि आठ चौदा, आणि चौदाने अडुसष्टाला भाग जात नाही. मूळ पाच पदांची ३५ अक्षरे घेतली तरी आठने पस्तिसाला भाग जात नाही. मंत्राचे महत्त्व त्याने तसूभरही कमी होत नाही. संख्या श्रद्धेपुढे वाकत नाहीत आणि तिच्या आडही येत नाहीत.

पुन्हा आपल्या हाराकडे येऊ, कारण ४४१ कोठून आली हे सांगायचे राहिले. सहा एकांच्या संख्येचे मूळ अवयव पाच आहेत: ३, ७, ११, १३ आणि ३७. हे पाचही एकमेकांना गुणले की सहा एके तयार होतात, आणि त्यांचा वर्ग केला की हार. महावीराचार्यांनी ३ आणि ७ एका बाजूला ठेवले; त्यांचा गुणाकार २१, आणि २१ चा वर्ग ४४१. उरलेले ११, १३ आणि ३७ दुसऱ्या बाजूला. त्यांचा गुणाकार ५२९१, आणि त्याचा वर्ग २७९९४६८१. पाच रत्ने दोन पुड्यांत बांधली, इतकेच. प्रत्येक अवयव हारात दोनदा येतो, म्हणून या संख्येचे एकूण विभाजक २४३ भरतात, आणि तिला दोन संख्यांच्या गुणाकारात मांडण्याचे मार्ग १२२.

त्यांपैकी दोन तर असे आहेत की आचार्यांनाही आवडले असते. ३ आणि ३७ एका पुडीत घातले की १११ होतात. ७, ११ आणि १३ दुसऱ्या पुडीत घातले की १००१. त्यांचे वर्ग १२३२१ आणि १००२००१. दोन्ही स्वतः लहान हार, आणि त्यांचा गुणाकार तोच मोठा हार. नुसता ११ वेगळा काढला तर १२१ आणि १०२०३०२०१. तेही दोन हारच. उरलेले मार्ग सुट्टीच्या दुपारी मुलांना शोधायला द्यावेत. गुणाकार हातानेच करावा. दर वेळी उत्तर एकच येणार, १२३४५६५४३२१, आणि न आले तर हातचा कोठे तरी राहून गेला आहे.